बिशपची खुर्ची कोणाची?

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

मुंबईच्या चर्चगेट स्टेशनावर रोज लाखो माणसं चढतात, उतरतात. पण त्या नावातलं चर्च कोणतं आणि गेट कुठं गेलं, हे विचारलं तर दहांपैकी नऊ जण खांदे उडवतात. गेट होतं ते फोर्टच्या तटबंदीला. १८६०नंतरच्या दशकात तटबंदी पाडली, तेव्हा तेही गेलं. चर्च मात्र जागेवर आहे. हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस. ईस्ट इंडिया कंपनीच्या जेराल्ड ऑन्जियर या गव्हर्नरानं त्याचं काम सुरू केलं, ते कितीतरी वर्षं अर्धवट पडून राहिलं आणि शेवटी १७१८च्या नाताळात ते उपासनेसाठी उघडलं. पुढं जवळजवळ सव्वाशे वर्षं ते नुसतं चर्च होतं. १८३७मध्ये ते कॅथेड्रल झालं.

आता यात बदललं काय? इमारत तीच होती. कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च, असा आपला समज असतो, पण तसं नाही. मूळ ग्रीक-लॅटिन शब्द आहे ‘कॅथेड्रा’, म्हणजे खुर्ची. ज्या चर्चमध्ये बिशपची खुर्ची असते ते कॅथेड्रल. १८३७मध्ये मुंबईला पहिले अँग्लिकन बिशप मिळाले, थॉमस कार. त्यांची खुर्ची सेंट थॉमसमध्ये आली आणि चर्चचं कॅथेड्रल झालं. बिशपच्या अधिकाराखाली जेवढा मुलूख येतो त्याला म्हणतात डायोसीस. मराठीत आपण त्याला धर्मप्रांत म्हणतो. आज मला बोलायचं आहे ते या धर्मप्रांताच्या कारभाराविषयी. ही खुर्ची कोण देतं, तिच्यावर बसणाऱ्याला काय करता येतं, काय करता येत नाही, आणि त्याला जाब कोण विचारू शकतं? खुर्ची म्हटली की हे प्रश्न आपल्याला राजकारणामुळं चांगले पाठ आहेत. धर्माच्या बाबतीत मात्र ते विचारायला आपण बिचकतो.

आधी शब्द नीट लावून घेऊ, कारण सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो. आपल्याकडं पांढरा झगा दिसला की ‘फादर’ आणि चर्च दिसलं की ‘मिशन’ म्हणण्याची पद्धत आहे. पण वसईचे कॅथलिक ख्रिस्ती आणि नाशिकच्या शरणपूरचे ख्रिस्ती यांचा कारभार एक नाही. कॅथलिक बिशपची नेमणूक रोमहून, पोपकडून होते. सोळाव्या शतकात, १५३४मध्ये, आठव्या हेन्रीच्या काळात इंग्लंडच्या चर्चनं पोपची सत्ता झुगारली, पण बिशप ठेवले. त्या परंपरेला अँग्लिकन म्हणतात. तिच्यात जगभरच्या चर्चचा मिळून एक पोप नाही. कँटरबरीचे आर्चबिशप मानाचे पहिले. तिथं २०२५मध्ये सेरा मुलाली यांची निवड जाहीर झाली. त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. पण कँटरबरीहून मुंबईचा किंवा नाशिकचा बिशप नेमला जात नाही, की बदलला जात नाही. प्रत्येक देशाचं चर्च आपल्या घरचा कारभार आपण पाहतं.

बिशप हा शब्दही पाहण्यासारखा आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देखरेख करणारा, वरून नजर ठेवणारा. मराठी बायबलमध्ये त्याला ‘अध्यक्ष’ हा प्रतिशब्द आहे. त्याच्या खालचा प्रेस्बिटर म्हणजे ‘वडील’, आणि डीकन म्हणजे ‘सेवक’. अध्यक्ष, वडील, सेवक. तीनही शब्द ग्रामपंचायतीत किंवा भावकीत सहज खपून जातील असे आहेत. त्यात कुठं राजा नाही, मालक नाही. रोजच्या व्यवहारात मंडळीच्या धर्मगुरूला मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती ‘पाळक’ म्हणतात, ‘पाळकसाहेब’ म्हणतात. पाळक म्हणजे मेंढरं पाळणारा. बिशपच्या हातात वर आकडा असलेली जी लांब काठी असते, ती मेंढपाळाचीच काठी. धनगराची काठी पाहिलेल्या माणसाला तिचा अर्थ सांगायला नको.

शब्द असे घरगुती असले, तरी आपल्याकडं ही खुर्ची आली ती सरकारी गाडीतून. १८१३मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं कंपनीची सनद नवी करताना हिंदुस्थानसाठी एक बिशप आणि तीन आर्चडीकन मंजूर केले. बिशप कलकत्त्याला. त्यांचा पगार वर्षाला पाच हजार पौंड, आणि तो हिंदुस्थानच्या महसुलातून. पहिले बिशप टॉमस मिडलटन १८१४मध्ये आले. त्यांचा धर्मप्रांत होता कंपनीचा सगळा मुलूख. घोड्यावर, होडीतून, पालखीतून जेवढी देखरेख होईल तेवढी करायची. १८३३च्या सनदेनं मद्रास आणि मुंबईला बिशप देण्याची वाट मोकळी केली. मद्रासला १८३५मध्ये आणि मुंबईला १८३७मध्ये बिशप आले. थॉमस कार त्याआधी मुंबईचे आर्चडीकनच होते. नेमणूक राजसत्तेच्या सनदेनं, पगार सरकारी तिजोरीतून. म्हणजे एकीकडं ते धर्माचे अध्यक्ष आणि दुसरीकडं सरकारी अधिकारी.

त्यामुळं पहिल्या बिशपांच्या हाताखाली दोन प्रकारचे पाद्री होते. एक सरकारी चॅप्लेन. त्यांचं काम गोऱ्या पलटणींची आणि साहेबलोकांची उपासना चालवणं. कुलाब्याचं अफगाण चर्च, जे पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलं आणि १८५८मध्ये बिशप हार्डिंग यांनी ज्याचं पवित्रीकरण केलं, ते या पहिल्या जगातलं. दुसरे मिशनरी. त्यांना पैसा आणि माणसं पुरवायच्या इंग्लंडमधल्या सोसायट्या. नाशिक, मालेगाव, औरंगाबाद या भागात चर्च मिशनरी सोसायटी होती. नाशिकजवळचं शरणपूर तिनंच वसवलं. नगर भागात दुसरी सोसायटी होती. चॅप्लेनचा हुकूम सरकारकडून येणार, मिशनऱ्याचा लंडनहून. मध्ये बिशप. खुर्ची उंच, पण लगाम दुसऱ्यांच्या हातात. आणि ज्या मराठी माणसानं धर्म स्वीकारला होता, बहिष्कार सोसला होता, घरदार सोडलं होतं, त्याला या कारभारात काही विचारावं, असं फारसं कुणाला वाटत नव्हतं.

तो प्रश्न ठणकावून विचारला एका मराठी बाईनं. पंडिता रमाबाई १८८३मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथं ज्या जोगिणींचा मठ होता, त्यांची शाखा पुण्यात पंचहौदला काम करत होती. त्याच ओळखीनं रमाबाई वाँटेजला राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि लहानग्या मनोरमेनं तिथं बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्या अँग्लिकन झाल्या. पुढं चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्या शिकत आणि शिकवत होत्या. तिथं हिंदुस्थानात जाऊ पाहणाऱ्या पुरुषांना त्यांनी शिकवावं अशी गोष्ट निघाली. त्यावर लाहोरच्या आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. एका हिंदू विधवेनं ख्रिस्ती झाल्यावर पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिच्याविषयी वाईट बोललं जाईल, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंनी ते मुकाट्यानं मान्य केलं नाही. आपल्या देशातल्या लोकांना आपण जास्त ओळखतो, आणि चांगलं-वाईट ठरवायला देवानं आपल्यालाही बुद्धी दिली आहे, अशा अर्थानं त्या भांडल्या. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवली म्हणजे बिशपच्या प्रत्येक शब्दावर मान डोलवायची, हे त्यांना मंजूर नव्हतं. हा पत्रव्यवहार १९७७मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला आहे. तो वाचताना वाटतं की दोन्ही बाजूंना दुष्ट कुणीच नाही. बिशपांना खरोखरच काळजी होती. पण जिच्याविषयी काळजी होती, तिला न विचारता निर्णय घेण्याची त्यांना सवय होती. पुढं रमाबाईंनी शारदासदन आणि केडगावचं मुक्तिसदन उभारलं, ते कुठल्याही बिशपच्या छत्राखाली नाही.

त्याच पंचहौद मिशनमध्ये १८९०मध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे आणि पुण्यातली बरीच बडी मंडळी चहाला गेली आणि केवढं रामायण झालं, ते आपल्याला ठाऊक आहे. चहाचा कप कुणी ओठाला लावला आणि कुणी नाही, याची चौकशी शंकराचार्यांच्या दरबारापर्यंत गेली. गंमत अशी, की हिंदू समाजात धर्माधिकाराचा प्रश्न ज्या आवारात पेटला, ते आवार ज्यांचं होतं त्यांच्या घरातही तोच प्रश्न धुमसत होता. शेवटचा शब्द कोणाचा? गादीचा, की माणसाच्या विवेकाचा? आज गुरुवार पेठेतलं ते होली नेम चर्च पुणे धर्मप्रांताचं कॅथेड्रल आहे.

विसावं शतक उजाडलं तसं चित्र हलू लागलं. १९१२मध्ये तेलुगू मुलखात, दोर्णकलला, व्ही. एस. अझरया बिशप झाले. हिंदुस्थानातले पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. एका भारतीय माणसाच्या हाताखाली गोऱ्या मिशनऱ्यांनी काम करायचं, ही कल्पना तेव्हा अनेकांच्या घशाखाली उतरत नव्हती. मुंबईला १९०८पासून बिशप होते एडविन जेम्स पामर. हिंदुस्थानातलं चर्च इंग्लंडच्या कायद्यापासून मोकळं झालं पाहिजे, या खटपटीत त्यांचा मोठा वाटा होता. १९२७मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं तसा कायदा केला आणि १ मार्च १९३० रोजी इथलं चर्च स्वतंत्र झालं. तारीख पाहा. त्याच मार्च महिन्यात गांधीजी मिठासाठी दांडीला निघाले. देशाचं स्वातंत्र्य अजून सतरा वर्षं लांब होतं, पण एका चर्चनं आपलं घर आपण चालवायचा हक्क मिळवला होता.

या स्वातंत्र्यानं खुर्चीत काय बदल झाला? बिशप आता राजाच्या सनदेनं नेमायचा नव्हता, चर्चनं निवडायचा होता. आणि कारभारासाठी ज्या सभा झाल्या त्यांत बिशप, पाळक आणि सामान्य सभासद, अशा तिघांना जागा मिळाली. शेतकरी, शिक्षक, रेल्वेतला कारकून, दवाखान्यातली नर्स असा जो साधा माणूस, त्याला प्रतिनिधी म्हणून बसता येऊ लागलं. मुलूखही आवाक्यात आले. नागपूरला १९०३पासूनच वेगळे बिशप होते. १९२९मध्ये मुंबईतून नाशिकचा धर्मप्रांत वेगळा काढला आणि फिलिप लॉइड तिथले पहिले बिशप झाले. देखरेख करायची तर माणसं ओळखीची हवीत, आणि माणसं ओळखायची तर मुलूख लहान हवा. जिल्हे का तोडावे लागतात, हे ज्याला कळतं त्याला हेही कळेल.

याच काळात एक वेगळी माणसंही या वर्तुळात होती. जॅक विन्स्लो नावाचे इंग्रज पाद्री अहमदनगरकडं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरकडं, काम करत होते. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भक्तिगीतांचा त्यांच्यावर दाट ठसा होता. १९२२मध्ये त्यांनी ख्रिस्त सेवा संघ काढला. खादी घालायची, जमिनीवर बसून जेवायचं, मराठीत भजनं म्हणायची. पुढं संघाचा आश्रम पुण्यात आला. त्याच संघातले विल्यम लॅश १९४७मध्ये मुंबईचे बिशप झाले. सरकारी पगारदार कार यांच्यापासून आश्रमवासी लॅश यांच्यापर्यंत एकशे दहा वर्षं लागली. खुर्ची तीच, पण तिच्यावर बसणाऱ्यानं कोणाकडं तोंड करून बसायचं, हे बदललं होतं. १९५०मध्ये कलकत्त्याच्या सर्वांत मानाच्या खुर्चीवरही अरविंदनाथ मुखर्जी हे भारतीय बसले.

आता आपण १९७०वर येऊ. कारण आज ‘अँग्लिकन’ नावाचं वेगळं चर्च आपल्या महाराष्ट्रात शोधायला गेलात तर फलकावर तीन अक्षरं दिसतील, सी. एन. आय. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे उत्तर भारतीय मंडळी. नाव उत्तरेचं, पण महाराष्ट्र त्यातच येतो. दक्षिणेतल्या चर्चचं ऐक्य १९४७मध्येच झालं होतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र आली. त्यांतलं एक अँग्लिकन. बाकीच्यांत प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरांचं संयुक्त चर्च होतं, बॅप्टिस्ट होते, ब्रदरेन होते, डिसायपल्स होते, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट होते. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या घटकेला बाहेर राहिले. म्हणून आजही मुंबई-पुण्यात मेथडिस्ट चर्च वेगळं आणि त्यांचे बिशप वेगळे दिसतात.

हे ऐक्य सोपं नव्हतं, आणि त्याचं मोठं कारण ही खुर्चीच होती. आपल्या मराठी मुलखाचंच बघा. कोल्हापूर आणि मिरजेकडं अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन होतं. मिरजेचं वान्लेस हॉस्पिटल त्यांचंच. जालन्याजवळ बेथेल वसवणारे नारायण शेषाद्री प्रेस्बिटेरियन. नगरचं अमेरिकन मराठी मिशन, ज्यात ना. वा. टिळक होते, ते काँग्रिगेशनल. या कुणाकडं बिशप नव्हता. प्रेस्बिटेरियन पद्धतीत वडीलजनांची सभा कारभार करते, काँग्रिगेशनल पद्धतीत प्रत्येक मंडळी आपल्यापुरती स्वतंत्र. त्यांच्या लेखी बिशप म्हणजे जुन्या सरंजामाची खूण. आणि अँग्लिकनांच्या लेखी बिशपशिवाय चर्चची परंपराच खंडित. मग तोड निघाली ती अशी, की बिशप राहील, पण तो घटनेनं बांधलेला असेल. परंपरेनं बिशप आणि घटनेनं बिशप, दोन्ही एकाच माणसात. बाळपणीचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी समजून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही चालतील. ज्यांच्या आजोबांनी बिशप कधी पाहिला नव्हता, त्यांनी बिशप स्वीकारला. आणि ज्यांचे बिशप कधी सरकारी मानकरी होते, त्यांनी बिशपला सभेपुढं उभं केलं. मला हा सौदा फार शहाणपणाचा वाटतो.

आज हा कारभार कसा चालतो ते खालून वर पाहू. सगळ्यांत खाली मंडळी. म्हणजे एका चर्चचे सभासद. तिथं एक पाळक आणि सभासदांनी निवडलेली समिती. वर्गणी, दुरुस्ती, दफनभूमी, नाताळचा कार्यक्रम, सगळं तिथं ठरतं. अशा अनेक मंडळ्यांचा मिळून धर्मप्रांत. त्याची परिषद असते. तिच्यात पाळक बसतात आणि मंडळ्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी बसतात. बिशप तिचे अध्यक्ष. शिवाय सचिव, खजिनदार आणि शाळा, दवाखाने, जमीनजुमला यांच्या समित्या. महाराष्ट्रात असे सहा धर्मप्रांत आहेत : मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, मराठवाडा आणि नागपूर. सगळ्या धर्मप्रांतांच्या वर सिनॉड, म्हणजे महासभा. ती तीन वर्षांनी भरते. तिचे प्रमुख म्हणजे मॉडरेटर. तेही धर्मप्रांताचे बिशपच असतात, आणि ते पद ठरावीक मुदतीचं असतं. सिनॉडची कचेरी दिल्लीत आहे.

बिशपच्या निवडीत धर्मप्रांताची परिषद नावं सुचवते आणि अंतिम निर्णय सिनॉडच्या पातळीवर होतो. मग दीक्षाविधी. त्याला किमान तीन बिशप लागतात आणि ते नव्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवतात. तीन बिशपांचा हा नियम इसवी सन ३२५च्या निकाया परिषदेइतका जुना आहे. एकट्यादुकट्यानं आपल्या पुतण्याला परस्पर बिशप करून टाकू नये, हा त्यातला व्यवहार. बिशप झाल्यावर त्यांनी काय करायचं? पाळकांना दीक्षा द्यायची, तरुण सभासदांचं दृढीकरण करायचं, मंडळ्यांना भेटी द्यायच्या, समितीच्या सल्ल्यानं पाळकांच्या नेमणुका आणि बदल्या करायच्या, भांडणं मिटवायची. दक्षिणेच्या चर्चमध्ये २०१३पासून स्त्रीही या खुर्चीवर बसली आहे. नंद्यालच्या बिशप पुष्पललिता या पहिल्या. रमाबाईंना ही बातमी आवडली असती.

इथवर ठीक. पण धर्मप्रांताची खरी कसोटी उपासनेत लागत नाही, ती लागते जमिनीत. जुन्या मिशनांनी शहराबाहेर माळावर घेतलेले कंपाउंड आज शहराच्या काळजात आलेत. शाळा, वसतिगृहं, पाळकांचे बंगले, दफनभूम्या. चिंचेच्या झाडाखालच्या त्या शांत आवारांवर कुणाकुणाची नजर असेल, हे सांगायला नको. आणि इथं सामान्य माणसाचा एक मोठा गैरसमज आहे. तो म्हणतो, ‘बिशपची जागा आहे, बिशपनं विकली.’ बिशप मालक नसतो. मालमत्ता असते विश्वस्त संस्थांच्या नावावर. उदाहरणार्थ मुंबईला बॉम्बे डायोसीसन ट्रस्ट असोसिएशन आहे. आणि सार्वजनिक विश्वस्त संस्थेची स्थावर मालमत्ता विकायची, तर १९५०च्या कायद्याच्या ३६व्या कलमाखाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. मग मालमत्ता देवळाची असो, चर्चची असो, की ज्ञातिसंस्थेची.

सर्वोच्च न्यायालयानं २०१३मध्ये गुजरातच्या ब्रदरेन मंडळीच्या प्रकरणात हीच गोष्ट नीट सांगितली. त्या मंडळीनं सी. एन. आय.मध्ये विलीन होण्याचा ठराव केला होता, आणि मग मालमत्ता कोणाची यावर वर्षानुवर्षं दावे चालले. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं : सभेनं ठराव केला म्हणून विश्वस्त मालमत्ता आपोआप दुसऱ्याची होत नाही, त्याला कायद्याची रीत पाळावी लागते. १९७०च्या ऐक्याच्या दिवशी मनं जुळली असतील, पण सातबारा जुळायचा राहिला होता.

मी मुसलमान आहे, आणि हा विषय मला परका वाटत नाही. आम्हा सुन्नी मुसलमानांत बिशप नाही. इमाम नमाज पढवतो, त्याला जमात ठेवते, आणि त्याच्यावर हुकूम चालवणारा दुसरा मोठा इमाम नसतो. म्हणून आमच्याकडं भांडणं नाहीत, असं मात्र कुणी समजू नये! मशिदीची, दर्ग्याची, कब्रस्तानची जमीन वक्फ असते आणि ती सांभाळणारा मुतवल्ली. मुतवल्ली म्हणजे राखणदार. मालकी अल्लाहची, उपयोग लोकांचा, आणि राखण याची. त्याच्याकडं असते ती अमानत. पण पिढ्यान्‌पिढ्या राखणदारी एका घरात राहिली की कधीकधी राखणदाराला वाटू लागतं की शेत आपलंच. इनामदार, पुजारी, मठाधिपती, मुतवल्ली, बिशप, नावं वेगळी पण मोह एकच. म्हणून एखाद्या समाजाची धर्मव्यवस्था चांगली की वाईट, हे मी तिच्या तत्त्वज्ञानावरून ठरवत नाही. राखणदाराला हिशेब कोण विचारू शकतं, हे पाहतो.

आणि हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. सप्टेंबर २०२२मध्ये मध्य प्रदेशच्या आर्थिक गुन्हे शाखेनं जबलपूरच्या बिशपांच्या घरावर छापा घातला. शाळांच्या फीचा पैसा वळवल्याचा आरोप होता, घरातून मोठी रोख रक्कम मिळाली, आणि त्यांना अटक झाली. ते त्या वेळी साऱ्या सी. एन. आय.चे मॉडरेटर होते. आरोप खरे की खोटे, हे न्यायालयानं ठरवायचं. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांना मॉडरेटर पदावरून दूर करण्यात आलं आणि सूत्रं उपमॉडरेटरांकडं गेली. खुर्चीवरचा माणूस हलवण्याची सोय व्यवस्थेत होती आणि ती वापरली गेली. १८३७मध्ये सेंट थॉमसच्या बाकावर बसलेल्या कुणाला असं काही करता येईल, हे स्वप्नातही आलं नसतं.

पण त्याच वेळी हेही विचारायला हवं, की गोष्ट छाप्यापर्यंत का गेली? कागदावर समित्या होत्या, परिषद होती, खजिनदार होते. घटना चांगली असली तरी ती वाचणारा सभासद लागतो. आपल्याकडं धर्मस्थळाच्या वार्षिक सभेला गर्दी किती असते, पाहा. उत्सवाला मांडव पुरत नाही आणि हिशेबाच्या सभेला गणसंख्या पुरत नाही. सगळेच त्यात आले, आम्हीही आलो. हिशेब विचारणं म्हणजे अश्रद्धा, अशी एक चमत्कारिक समजूत आपल्या अंगात मुरली आहे. ‘पाळकसाहेबांना कसं विचारायचं?’, ‘मौलवीसाहेबांना कसं विचारायचं?’, ‘महाराजांना कसं विचारायचं?’ न विचारता जो आदर राहतो तो आदर नव्हे, आळस आहे. आणि विचारल्यानं ज्याचा अपमान होतो, त्यानं राखणदारी घेऊच नये.

मराठी बायबलनं बिशपसाठी ‘अध्यक्ष’ हा शब्द घेतला, तो मला म्हणूनच आवडतो. अध्यक्ष सभेचा असतो. सभा नसेल तर अध्यक्षही नाही. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या खुर्चीचा प्रवास सरकारी तिजोरीपासून सभेच्या पटापर्यंत झाला. त्यात लंडनचे कायदे आहेत, नागपूरचा करार आहे, पामरांची खटपट आहे, आणि वाँटेजच्या मठात एकटीनं हट्टानं पत्रं लिहीत बसलेली एक मराठी बाईही आहे. यापुढचा भाग कुठल्या बिशपच्या हातात नाही. येत्या वार्षिक सभेला मंडळीच्या हॉलमध्ये मागच्या बाकावर एखादी निवृत्त शिक्षिका बसलेली असेल. ताळेबंदाचा कागद हातात आल्यावर तिनं चष्मा लावून तो वाचावा, आणि समजलं नाही तिथं हात वर करावा. खुर्ची कोणाची, याचं उत्तर त्या हातात आहे.